वायर काढण्याआधी

वायरलेस कीबोर्ड-माऊस सहसा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. वायफायची गर्दीही तिथेच. त्यात रिसीव्हर यूएसबी ३.० पोर्टात आणि शेजारी हार्डडिस्क चालू असेल, तर बाण अडखळू शकतो. त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात उमटतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवले होते. उपाय स्वस्त आहे: छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर टेबलावर आणायचा. (म्हणजे वायर आलीच!)

२०१६ मध्ये ‘माऊसजॅक’ त्रुटी उघड झाली. अनेक नामांकित कंपन्यांच्या रिसीव्हरना दुरून बनावट कळा पाठवता येत होत्या. ब्लूटूथवाले त्यातून सुटले.

चार्जिंगची कटकट वेगळीच. अ‍ॅपलच्या २०१५ च्या मॅजिक माऊसचे पोर्ट पोटाखाली, त्यामुळे चार्ज होईतो माऊस उताणा!

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी वायरलेस खुशाल घ्यावे. टेबलावरून न हलणाऱ्या डेस्कटॉपला मात्र वायर काय वाईट?