उसनी आज्ञावली पारखूनच घ्यावी

संकेतस्थळ तयार करणारा प्रोग्रॅमर आज त्यातील प्रत्येक ओळ स्वतः लिहीत नाही. ई-मेल पाठविणे, पीडीएफ पावती काढणे, छायाचित्रांचा आकार बदलणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून मोफत खुली केलेली पॅकेजेस तो वापरतो. पीएचपी भाषेत ही पॅकेजेस आणून बसविण्याचे काम ‘कंपोजर’ हे साधन करते. २०१२ मध्ये ते उपलब्ध झाले. ‘पॅकेजिस्ट’ हे त्याचे मुख्य कोठार. सोय मोठी आहे. पण बाहेरून आलेली आज्ञावली आपल्या आज्ञावलीइतक्याच अधिकाराने सर्व्हरवर चालते. ग्राहकांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, डेटाबेसचा पासवर्ड हे सारे तिच्या हाती लागू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. मे २०२२ मध्ये ‘पीएचपास’ या पासवर्डविषयक पॅकेजच्या एका जुन्या प्रतीबाबत असेच घडले. मूळ मालकाने गिटहबवरील खाते बंद केले होते. तेच नाव दुसऱ्याने घेतले आणि क्लाउड सेवेच्या गुप्त किल्ल्या पळविणारी आज्ञावली तेथे ठेवली. मे २०२३ मध्ये पॅकेजिस्टवरील चार निष्क्रिय खाती ताब्यात घेऊन १४ पॅकेजेसचे पत्ते बदलण्यात आले. त्या वेळी घातक आज्ञावली घालण्यात आली नव्हती, म्हणून निभावले.

मग नवे पॅकेज घेताना काय पाहावे? पहिला प्रश्न गरजेचा. दहा-वीस ओळींत होणाऱ्या कामासाठी पॅकेज आणू नये, कारण ते सोबत स्वतःची गोतावळही घेऊन येते. गरज खरी असेल, तर शेवटची आवृत्ती केव्हा आली, तक्रारींना उत्तरे मिळतात का, परवाना कोणता, हे तपासावे. पॅकेजिस्टवर ‘परित्यक्त’ असा शिक्का असल्यास पर्याय शोधावा. नावाचे स्पेलिंगही अक्षर न् अक्षर जुळवावे. एका अक्षराच्या फरकाने भलतेच पॅकेज घरात येऊ शकते.

दुसरा भाग प्रत्यक्ष बसविण्याचा. तो प्रकल्पाच्या स्वतंत्र शाखेत करावा. ‘कंपोजर रिक्वायर’ ही आज्ञा दिल्यावर दोन फायली बदलतात. ‘कंपोजर जेसन’मध्ये कोणत्या आवृत्त्या चालतील याची मर्यादा असते, तर ‘कंपोजर लॉक’मध्ये नेमकी कोणती आवृत्ती बसली याची नोंद असते. ही दुसरी फाइल वाचावी; सोबत आणखी किती पॅकेजेस शिरली ते तिच्यातच कळते. एखाद्या प्लगइनला चालू देण्याची परवानगी मागितली गेल्यास विचार न करता ‘हो’ म्हणू नये. त्यानंतर ‘कंपोजर ऑडिट’ चालवावे. २०२२ मध्ये आलेली ही आज्ञा जाहीर झालेल्या त्रुटींशी आपली यादी ताडून पाहते. शेवटी सर्व चाचण्या घ्याव्यात.

तिसरा भाग सर्व्हरचा. तेथे ‘अपडेट’ नव्हे, ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे लॉक फाइलमधील तपासलेल्या आवृत्त्याच बसतात. चाचणीपुरती असलेली पॅकेजेस तेथे नेऊ नयेत आणि ‘व्हेंडर’ ही फोल्डर ब्राउझरमधून उघडता येणार नाही अशी व्यवस्था करावी. ‘पीएचपीयुनिट’ या चाचणी-साधनातील २०१७ ची त्रुटी याच निष्काळजीपणामुळे घातक ठरली. ती दुरुस्त होऊन वर्षे लोटली, तरी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सीसा या यंत्रणांना तिच्या गैरवापराबद्दल इशारा द्यावा लागला.

पॅकेज बसविल्याने जबाबदारी संपत नाही. आज निर्दोष असलेल्या पॅकेजमध्ये उद्या त्रुटी सापडू शकते. त्यामुळे ऑडिट ठराविक दिवशी पुन्हा चालविणे आणि वापरात नसलेले पॅकेज काढून टाकणे हा नित्यक्रमच असायला हवा. आज्ञावली दुसऱ्याची असली, तरी ग्राहकाने आपली माहिती विश्वासाने सोपविलेली असते ती संकेतस्थळाच्या मालकाकडेच.