उष्मांकांचा आकडा कोण तपासणार?

काशीतील राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. या घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांत शिरणाऱ्या यात्रेकरूला कचोरी-जिलेबीत किती उष्मांक आहेत, हे कोणी सांगत नाही. कायद्याचीही तशी अपेक्षा नाही. त्याच शहरातील बहुराष्ट्रीय साखळी उपाहारगृहांना मात्र खाद्यपदार्थांच्या फलकावर उष्मांक छापणे बंधनकारक आहे.

ही तफावत नियमातच आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीने केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवरच हे बंधन घातले. अंमलबजावणीसाठी १ जुलै २०२२ ही तारीख ठरली. छोट्या विक्रेत्यावर प्रयोगशाळेचा खर्च लादला नाही, हे योग्यच. न्यूयॉर्क शहरानेही २००८ मध्ये आरंभ साखळी उपाहारगृहांपासूनच केला होता.

खरा प्रश्न आकड्याच्या विश्वासार्हतेचा आहे. नियम दिल्लीत होतो. तपासणी मुख्यत्वे राज्यांच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे असते. फलक लावला आहे की नाही, हे पाहणे सोपे. त्यावरील आकडा ताटातील पदार्थाशी जुळतो का, हे ठरविण्यास नमुने, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ लागते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ९३ नुसार अशी नियमावली संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. ती बदलण्याचा अधिकारही सभागृहांना आहे. त्यासाठीची मुदत सरली, तरी खासदारांच्या हाती प्रश्नोत्तराचा तास उरतोच. तेथे राज्यवार तपासणीचा हिशेब मागितला गेला, तरच फलकावरील आकड्याला अर्थ राहील.