इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर कॉइल का तापते?

जुन्या पेट्रोल गाडीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, की कधीकधी कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते. गाडी वाटेत बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते.

बऱ्याचदा कारण एकच असतं : कॉइलचा रोध कमी. १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉइल ४ अँपिअर करंट घेते, दीड ओहमची ८. म्हणजे उष्णता दुप्पट! दीड ओहमच्या कॉइलला सहसा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. वायरिंग बदलताना तोच निघून जातो.

कॉइल थंड असताना वायरी सोडवून प्लस-मायनसमधला रोध मल्टिमीटरने मोजा. किटच्या माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा कमी भरला, तर योग्य कॉइल किंवा रेझिस्टर बसवा.

आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका; कॉइलसोबत मॉड्युलही जळू शकतं.