हलका ठोका

वर्ध्याजवळच्या एका विणकेंद्रात आठ दिवस मागावर बसायला मिळालं. विणायचे होते हात पुसायचे टॉवेल. जर नाही, बुट्टी नाही, पांढरं साधं कापड. दोन दिवसांत हात बसेल, असा माझा हिशेब. पहिले तीन दिवस धोट्याला हातही लागला नाही.

ते दिवस ताण्यानं खाल्ले. रुंदी 26 इंच, इंचाला 24 धागे, म्हणजे 624 उभे धागे. मागावर दोन चौकटी टांगलेल्या. त्यांतल्या दोऱ्याच्या डोळ्यांतून एकेक धागा ओवायचा, एक पुढच्या चौकटीत, दुसरा मागच्या. मग फणीच्या प्रत्येक घरात दोन दोन. अशी 312 घरं. डोळ्यांपेक्षा आधी कंबर बोलायला लागते.

चौथ्या दिवशी विणकाम सुरू झालं. पायाखालची डावी पट्टी दाबली की एक चौकट वर, धाग्यांत फट पडते, त्यातून आडवा धागा घेऊन धोटा सुटतो. फणी ओढून आडवा धागा बसवायचा, मग उजवी पट्टी. वीतभर कापड झालं आणि मधोमध एक दाट रेघ दिसली. फणीच्या एका घरात तीन धागे, शेजारच्यात एकच. माझीच चूक. पुढच्या प्रत्येक टॉवेलावर ती तशीच उतरली असती.

शिकवणाऱ्या काकांनी कापड उसवलं नाही. चुकीच्या घरातला तेवढा धागा फणीपुढे कापला, शेजारच्या घरातून ओढून घेतला, त्याला तुकडा जोडला आणि विणलेल्या कापडात टाचणी खोचून तिच्याभोवती गुंडाळून ताणला. पाच मिनिटं लागली. रेघ तिथेच थांबली.

मग मी जोमात आले. प्रत्येक धाग्यामागे दोन सणसणीत ठोके. काका बघत होते. म्हणाले, "ताई, सतरंजी ठोकता का?"

सतरंजीत आडवा धागा दातेरी पंज्यानं ठोकून इतका दाबतात, की उभा ताणा दिसतच नाही. तिच्यावर पंगत बसते. तिला घट्टपणा हवा. टॉवेलाला पाणी टिपायचं असतं, आणि पाणी शिरायला जागा लागते. एकच ठोका, तोही हलका. आडवा धागाही सरळ ओढायचा नाही. जरा तिरका सोडायचा, नाहीतर दोन्ही काठ आत येतात. माझे आलेच होते: 26 इंचांचे 24 झाले होते.

जोर लावणं अर्ध्या तासात जमलं. हात आवरायला उरलेले दिवस गेले. दोन ठोके सारखे पडेनात. एक हलका पडला की कापडात विरळ पट्टी, दुसरा जड पडला की दाट.

शेवटचा हातभर ताणा विणता येत नाही. तो फणी आणि चौकटींमागेच अडकतो, तिथे धोटा पोचत नाही. तो कापून टाकावा लागतो. मागावर 30 इंच भरलेला टॉवेल ताण सुटल्यावर आणि धुतल्यावर 27 इंचांवर आला. वापराच्या पहिल्या दिवशी त्यानं पाणी नुसतं इकडून तिकडे केलं, कारण धाग्यात खळ होती. तिसऱ्या धुण्यानंतर तो नीट टिपायला लागला.