मडगार्ड कुणी कापलं?

आदिलाबादकडच्या बेल्याच्या आसपासच्या खेड्यांतून जुनी राजदूत मोटारसायकल आली की मी आधी इंजिनाकडे बघत नाही, पुढच्या मडगार्डाकडे बघतो. बहुतेक वेळा ते अर्धं कापलेलं असतं. कधी हॅक्सॉ ब्लेडने सरळ, कधी छिन्नीने वेडंवाकडं. शहरातून येणारे हौशी लोक ते बघून हळहळतात, "कोणी हो हा अत्याचार केला?" त्यांनी इथला जुलै पाहिलेला नसतो. पैनगंगेकाठची काळी माती ओली झाली की टायरला धरते, टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत थरावर थर बसतो आणि चाक जाम होतं. उतरा, काडीने माती काढा, शंभर पावलं जा, पुन्हा उतरा. असे दोन-तीन पावसाळे काढले की शेतकरी करवत घेतो. एका म्हाताऱ्याला मी कारण विचारलं तर तोच माझ्यावर उखडला, "मडगाड सांभाळू का वावरात जाऊ?"

राजदूतचा आराखडा मुळात पोलंडचा. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात आणली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. पोलंडमध्ये चिखल नसेल असं नाही, पण कापूस पिकवणारी ही काळी माती तिथल्या इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर नक्कीच नव्हती. पुढे धर्मेंद्रने तिची जाहिरात केली आणि गावोगावी दूधवाले, कृषी सहायक, मास्तर, कापसाचे दलाल तिच्यावर दिसू लागले. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूरने चालवलेली राजदूत वेगळी, बुटकी जीटीएस. तिच्यासाठी आज शहरातले लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. इकडे ती फारशी येत नाही. आमच्याकडे येते ती मागे लोखंडी कॅरियर ठोकलेली, दोन्ही बाजूंना कॅनचे हूक असलेली.

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचं हे काम मी घरामागच्या जुन्या गोठ्यात करतो. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही. प्रदर्शनात चकचकीत गाडी बघून लोक फोटो काढतात, तेव्हा त्यांना या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते कळत नाही. तो इंजिनात जात नाही. काय काढायचं आणि काय तसंच ठेवायचं, या भांडणात जातो.

गाडी आली की पहिल्या दिवशी फक्त उघडायचं, काही दुरुस्त करायचं नाही. टूलबॉक्समध्ये इतिहास असतो. सुतळी, वितळलेला प्लग, बाजार समितीची चिकटलेली पावती, सरकीचे दाणे. एअर फिल्टरच्या डब्यात तर बऱ्याचदा उंदरांनी चक्क कापसाचं घर केलेलं असतं, पिलांसकट. मालक म्हणतो, "दहा वर्षांपूर्वी बंद पडली तेव्हा इंजिन एक नंबर होतं." हे वाक्य मी कधीच धरून चालत नाही. प्लग काढायचा, त्या भोकातून डिझेल किंवा पातळ तेल सोडायचं आणि गाडी विसरून जायचं. गंजलेला पिस्टन सुटायला आठवडाही लागतो. घाई करणारा वर चढून किक मारतो आणि किकचा दातरा तोडतो. पिस्टन सुटलाच नाही तर हेड काढून लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकायचं. मग सिलिंडर आदिलाबादला लेथवर, बोअर मोठा करून घ्यायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन शोधायचा. खरी वणवण इथे सुरू होते. हैदराबाद, नागपूर, दिल्लीचं करोल बाग. 'कंपनीचा' म्हणून सीलबंद डब्यात येणारा पिस्टन कुठल्या कंपनीचा, हे मात्र देवच जाणे.

पेट्रोलच्या टाकीतला गंज काढायला शहरात महागडी रसायनं मिळतात. आमच्याकडे चिंच आहे. चिंचेचा घट्ट कोळ, पाणी, मूठभर बारीक खडी. नळ आणि झाकण बंद करून टाकी भरपूर हलवायची, रात्रभर ठेवायची. सकाळी खडी काढून धुवायची, खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा, उन्हात वाळवायची आणि लगेच आतून ऑइल फिरवायचं. शेवटच्या कामाला उशीर झाला तर दुपारपर्यंत आत पुन्हा तांबूस पापुद्रा. टाकीला भोक असेल तर झाळणाऱ्याकडे देताना ती पाण्याने भरून द्यायची, हे मी ओरडून सांगतो. वर्षभर रिकामी पडलेली टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने फुटू शकते.

एका मास्तरांचा किस्सा मी मुद्दाम नव्या पोरांना सांगतो. त्यांना कुणीतरी सांगितलं की टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधली काजळी कॉस्टिक सोड्याने निघते. खरं आहे, निघते. लोखंडावर चालतं ते. मास्तरांनी त्याच उकळत्या पाण्यात कार्बोरेटरही टाकला. कार्बोरेटर हलक्या मिश्रधातूचा, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनिअम, जस्त दोन्ही खातं. बादलीतून फसफस फेस आला, वास सुटला, मास्तरीणबाई पोरांना घेऊन शेजाऱ्यांकडे गेल्या. खाली उरलं ते कार्बोरेटर म्हणून ओळखू येईना. मास्तरांनी तो तुकडा अजून शाळेच्या कपाटात ठेवलाय, रसायनाचा धडा आला की पोरांना दाखवतात.

येझदीची गोष्ट निराळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने या गाड्या बनवल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणून मालकाची ठरलेली तक्रार: "एकीकडूनच धूर येतो." दुसरा काजळीने बुजलेला असतो. आतली नळी ओढून गोवऱ्यांच्या विस्तवात टाकली की लालभडक होते आणि साफ निघते. अख्खा सायलेन्सर कधी टाकू नये, क्रोम निळं पडतं. आणि या गाडीची किक शोधणाऱ्या पोरांची मजा बघण्यासारखी. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. एकदा भरदुपारी अनोळखी पोरगा गोठ्यातली येझदी ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेला. तिथे किक शोधत इकडून तिकडे वाकत राहिला आणि शेवटी गाडी स्टँडवर लावून निघून गेला. जुन्या बुलेटचं उलटं. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. येझदीवरून उतरून बुलेटवर बसणारा पाहुणा घाबरला की ब्रेक समजून गिअर दाबतो. असा एक पाहुणा आमच्या अंगणातल्या कापसाच्या ढिगात शिरला होता. कापूस होता म्हणून बरं.

टायमिंगला माझ्याकडे मोठं यंत्र नाही. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटमध्ये धरायचा आणि इंजिन हाताने हळू फिरवायचं. कागद ज्या क्षणी सैल सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतो. चाकाचा आउट काढायला मी गाड्यांच्या मेकॅनिककडे जात नाही, सायकलवाल्याकडे जातो. तारा कसण्यात त्याच्याइतका हात कुणाचाच बसलेला नाही. हल्लीची नवी डोकेदुखी म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, जुने रबरी वॉशर, सील फुगवतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. हे न करणारे पोळ्याला आणि दिवाळीला हमखास माझ्या दारात असतात.

आता कापलेल्या मडगार्डाचं काय करायचं? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही. इथल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगितलं की तो मला वेड्यात काढतो. वीस हजार भरून गाडी वापरायची नाही? त्यामुळे ही कटकट फक्त प्रदर्शनवाल्यांची. त्यांच्यासाठी मी पूर्ण मडगार्ड शोधून देतो. वापरणाऱ्याची गाडी असेल तर कापलेलंच घासून, कडेला गोल वळवून, रंगवून बसवतो. माझ्या मते त्या गाडीचं खरं रूप तेच. कारखान्यातून निघाली तशी ती फार तर दोन-तीन पावसाळे होती, पुढची चाळीस वर्षं ती इथली होती. नागपूरचे एक गृहस्थ यावर माझ्याशी तासभर भांडले आणि गाडी परत घेऊन गेले.

सगळ्यात चिकट काम मात्र कागदांचं. आमचे सोयरे पैनगंगेच्या दोन्ही काठांना, तेलंगणात आणि महाराष्ट्रात. गाड्यांवर एपी-०१, टीएस-०१, आता टीजी-०१, आणि तितक्याच एमएच-२९, एमएच-३४. कारण त्या काळी राजदूत लग्नात यायची. जावयाला गाडी दिली जायची, पण नोंदणी सासऱ्याच्या नावावर, यवतमाळची, आणि ती तशीच राहायची. सासरा वारला की गाडी कायद्याने त्याच्या वारसांची. मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, वारसांच्या सह्या, मग तिकडच्या आरटीओची एनओसी.

अशीच एक राजदूत. इंजिन बांधून झालं, पहिल्या किकला सुरू झाली, पण सही लागत होती मेहुण्यांची, आणि दोन घरांत जमिनीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद. शेवटी जावयाच्या बायकोनेच भावाला फोन केला. ते एसटीने आले, चहा नको म्हणाले, थेट गोठ्यात. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीच्या उजव्या बाजूला मोठा पोचा होता, तो मी पेंटरला काढून घ्यायला सांगितला होता. मेहुण्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, दहावीत असताना बापाला न विचारता गाडी काढली होती, गावच्या पाटावर आदळली, त्याचा हा. मग बसून त्यांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. जाताना मागे वळून म्हणाले, "भाऊजी, पोचा काढसान तं सही वापस द्या माही."

पेंटरने पोच्यावरूनच रंग मारला आणि पैसे तेवढेच घेतले.