क्विकशिफ्टर आहे, मग क्लच कशाला?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा बसमध्ये इअरफोन विसरलात, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना घेतलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी सगळं तेच.

सांगलीच्या एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला होता. नवी गाडी घेतलीय, क्विकशिफ्टरवाली. तो विचारतो, "दादा, शोरूममध्ये सांगितलं की बिनधास्त क्लच न दाबता गिअर टाक. आमचा मेकॅनिक म्हणतो, असं चालवलंस तर वर्षभरात गिअरबॉक्स खोलायला माझ्याकडेच येशील. खरं कोण बोलतंय?"

दोघंही अर्धं-अर्धं खरं बोलतायत. आणि या प्रश्नात पैसा अडकलाय, म्हणून नीट समजून घेऊ. क्लच प्लेटा बदलायच्या तर इंजिनाचं बाजूचं कव्हर उघडलं की काम होतं. गिअरबॉक्समध्ये हात घालायचा तर बहुतेक गाड्यांचं इंजिन खाली उतरवून मधोमध उघडावं लागतं. मजुरीचाच आकडा ऐकून घाम फुटतो.

आधी गिअरबॉक्सच्या आत जाऊ. आपल्याला वाटतं, गिअर टाकला की दोन दातेरी चाकं एकमेकांत जाऊन अडकतात. तसं नसतं. बाईकच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकला की शेजारचं चाक बाजूला सरकतं आणि त्याच्या अंगावरचे ठोकळ्यासारखे दात या मोकळ्या चाकाच्या खाचांत जाऊन बसतात. या ठोकळ्यांना डॉग म्हणतात. डॉग बसले की ते चाक शाफ्टला बांधलं गेलं, म्हणजे गिअर पडला.

आता इंजिन जोरात ओढतंय तेव्हा हे डॉग एकमेकांवर गच्च दाबलेले असतात. दाराला कोणीतरी बाहेरून रेटतंय आणि तुम्ही आतून कडी काढायला बघताय, निघते का? नाही. पण बाहेरच्याने क्षणभर रेटणं थांबवलं की कडी अलगद निघते. गिअर बदलणं म्हणजे हाच खेळ आहे. इंजिनाचं रेटणं क्षणभर थांबवायचं आणि तेवढ्यात कडी एका दारातून काढून दुसऱ्याला घालायची.

हे थांबवायचा आपल्या ओळखीचा मार्ग म्हणजे क्लच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये प्लेटांची चळत असते. एक घर्षणाचं अस्तर लावलेली, एक स्टीलची, पुन्हा अस्तरवाली, पुन्हा स्टीलची, बिस्किटाच्या पुड्यासारखी. अस्तरवाल्या इंजिनाबरोबर फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टबरोबर, आणि स्प्रिंगा त्यांना दाबून एकजीव ठेवतात. लिव्हर ओढला की तो दाब जातो, प्लेटा एकमेकींवरून घसरतात आणि डॉग मोकळे होतात.

दुसरा मार्ग जुन्या रायडर लोकांना पाठ आहे. पायाने लिव्हरवर हलका दाब ठेवायचा, थ्रॉटल टिचकीसरशी बंद करून परत उघडायचा, गिअर सटकन वर जातो. क्लचला हात नाही. रेटणं थांबलं, कडी निघाली.

क्विकशिफ्टर नेमकं हेच करतो, फक्त तुमच्या मनगटापेक्षा कितीतरी अचूक. गिअर लिव्हरच्या दांडीवर किंवा आसपास एक सेन्सर असतो. पायाचा दाब जाणवला की तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू इंजिनाचा स्पार्क किंवा इंधन, कधी दोन्ही, साधारण 50 ते 80 मिलिसेकंद तोडतो. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात डॉग सुटून पुढच्या खाचेत बसतात आणि इंजिन परत ओढायला लागतं. थ्रॉटल उघडाच. रेसिंगमधून आलेली ही गोष्ट आता आपल्या गल्लीत आहे. केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर 2020 मध्ये आली ती हे घेऊनच, 2021 च्या आर15 व्ही4 च्या काही व्हेरियंटमध्ये आली, 2023 च्या अपाचे आरटीआर 310 मध्येही.

पण आर15 आणि इतर दोघींत एक मोठा फरक आहे आणि तो विकत घेताना कोणी धड सांगत नाही. आर15 चा क्विकशिफ्टर फक्त गिअर वर टाकताना चालतो. खाली येताना उलटं काम हवं असतं. खालच्या गिअरला इंजिन जास्त वेगाने फिरायला लागतं, म्हणून क्षणभर रेस द्यावी लागते. ही रेस गाडीने स्वतः द्यायची तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक हवा, म्हणजे राईड-बाय-वायर. 390 अ‍ॅडव्हेंचर आणि आरटीआर 310 मध्ये ते आहे. तुमच्या गाडीत वर-खाली दोन्ही नसेल तर खाली येताना क्लच आणि मनगट दोन्ही वापरायचे.

आता मेकॅनिक काका कुठे बरोबर आहेत ते बघू. गिअरबॉक्सची वाट क्विकशिफ्टरने नाही लागत, अर्धवट पायाने लागते. घाबरत घाबरत लिव्हर उचलला तर इंजिन परत ओढायला लागेपर्यंत डॉग पूर्ण आत गेलेलेच नसतात. कोपऱ्यावर कोपरा घासतो. असं शेकडो वेळा झालं की कोपरे गोल होतात. मग ऐन ओव्हरटेकला गिअर सुटतो, इंजिन नुसतंच ओरडतं आणि समोरून एसटी येत असते. म्हणून पाय एकदाच, ठाम. लाथ घालायची नाही, पण मध्ये थांबायचंही नाही. आणि गिअर पडला की पाय लिव्हरवरून पूर्ण काढा. बूट टेकवून ठेवायची सवय असेल तर सेन्सरला सतत दाब जाणवतो, गाडी मध्येच आचके देते आणि आपण पेट्रोल पंपाला शिव्या घालतो.

आणखी एक. हे यंत्र इंजिन जोमात ओढत असताना गुळगुळीत चालतं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये कमी रेसवर, थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पहिल्याचा दुसरा केला तर धक्का बसणारच. तिथे तोडायला रेटणंच फारसं नसतं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं अंतर सगळ्यात मोठं. सरळ क्लच दाबा. माझं मत विचाराल तर शहरात तिसऱ्या गिअरपर्यंत मी क्लचच वापरतो. शिवाय सिग्नलवर थांबायला आणि निघायला क्लच लागतोच. तिथे क्विकशिफ्टर तुम्हाला गाडी बंद पडण्यापासून वाचवत नाही.

म्हणून डाव्या हाताला काय जाणवतंय त्याकडे लक्ष हवं. लिव्हरच्या टोकाला सुरुवातीला थोडी ढिलाई पाहिजे, केबलच्या बऱ्याच गाड्यांत 10 ते 20 मिलिमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ढिलाई नसेल तर प्लेटा कधीच पूर्ण दाबल्या जात नाहीत, घसरत राहतात, जळतात. जास्त असेल तर त्या पूर्ण सुटत नाहीत, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर खाडकन पडतो. (सकाळी थंड इंजिनवर पहिल्यांदा होणारा खाड् सोडून द्या, तो तेलाने चिकटलेल्या प्लेटांचा.) घसरतंय का ते तपासायचं तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम झपकन चढला आणि स्पीड तिथेच राहिला, तर प्लेटांकडे बघा. पण त्याआधी केबल आणि तेल. आपला क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं तेलच घाला. कारचं तेल स्वस्त मिळालं म्हणून घातलंत तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी चांगल्या प्लेटाही घसरू शकतात.

नव्या गाड्यांचा लिव्हर लोण्यासारखा हलका लागतो, तो असिस्ट आणि स्लिपर क्लचमुळे. ओढताना उतारांची रचना प्लेटांना स्वतःच आवळते, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात. आणि उलट बाजूने मागचं चाक इंजिनाला ढकलायला लागलं की तीच रचना पकड थोडी सैल करते. ताम्हिणीत पावसात दोन गिअर भसाभस पाडले तरी मागचं चाक लगेच थडथडत नाही ते यामुळे. त्यालाही मर्यादा आहे, ओल्या वळणावर त्याच्या जिवावर उडी मारू नका.

राहिला बाहेरून बसवायचा क्विकशिफ्टर, त्यावर तिघांनी विचारलंय. स्वस्तातले किट फक्त स्पार्क तोडतात. इंधन चालूच राहतं, न जळता सायलेन्सरमध्ये जातं, फटाके वाजतात. मित्रांना मजा येते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला येत नाही. वायरिंग कापलंत तर वॉरंटीवरही वाद होऊ शकतो. तेवढ्या पैशात नवी क्लच केबल, योग्य तेल आणि चेन-स्प्रॉकेट होत असेल तर मी ते आधी करीन.

सांगलीकर, तुझी गाडी वर-खाली दोन्हीवाली आहे की फक्त वरवाली, ते मॅन्युअलमध्ये बघून कळव. त्यात किती आरपीएम आणि किती स्पीडच्या वर क्विकशिफ्टर चालतो तेही दिलेलं असतं. त्या पानाचा फोटो मेकॅनिक काकांनाही पाठव.