शून्य कोणाचं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत रोज रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालते. पीजी-डंप डेटाबेस बाहेर काढते, उभ्या रेघेच्या पाइपमधून तो जीझिपकडे जातो आणि जीझिप तो दाबून फाइलमध्ये ठेवते. शेवटी स्क्रिप्ट एक्झिट स्टेटस बघते. ० म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिघडलं.

त्याच स्क्रिप्टची चाचणी वेगळ्या मशीनवर घेतली आणि डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा दिला. पीजी-डंपने एररची ओळ छापून काम सोडलं. तरी पाइपलाइनचं स्टेटस आलं ०. फाइलही तयार होती, आकार २० बाइट. जीझिपचा ठरलेला मथळा आणि शेपूट, मधे डेटा काहीच नाही. 'जीझिप -टी'ने तपासली, तर तिथेही फाइल बिनचूक.

जीझिप खोटं बोलली नव्हती. तिच्याकडे काहीच आलं नाही आणि ते तिने नीट दाबून ठेवलं. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आणले. आजही शेल एरवी शेवटच्या कमांडचा निकाल हाच अख्ख्या पाइपलाइनचा निकाल धरतो. पॅकिंग चोख झालं म्हणून आतलं कास्टिंग पास होत नाही, हे फौंड्रीत कुणालाही पटेल. स्क्रिप्टलाही तोच नियम लावायला हवा.

उपाय एका ओळीचा आहे: वरती 'सेट -ओ पाइपफेल'. मग साखळीतली एक जरी कमांड पडली, तरी पाइपलाइन नापास. बॅशमध्ये ही सोय २००४च्या ३.० आवृत्तीपासून आहे. पॉझिक्स मानकात ती २०२४ मध्ये आली. नेमकं कोण पडलं, हे बॅशचा 'पाइपस्टेटस' सांगतो. आमच्या चाचणीत तिथे '१ ०' दिसलं. मात्र तो लगेच वाचायचा. मधे साधा एको केला तरी जुने आकडे जातात.

पण पाइपफेल डोळे झाकून लावू नये. ग्रेपला ओळ सापडली नाही की ती १ देते; तो बिघाड नसतो. हेड हव्या तेवढ्या ओळी घेऊन पाइप बंद करते, तेव्हा मागची कमांड १४१ देऊन थांबू शकते. कुठलं अपयश खरं, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं.

आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. बॅकअप आधी तात्पुरत्या नावाने लिहावा आणि पाइपलाइन पास झाली तरच जुन्या फाइलच्या जागी ठेवावा. आणि अधूनमधून तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून टेबलांतल्या नोंदी मोजाव्यात. डेटा परत मिळतो की नाही, हे कुठलंही शून्य सांगत नाही.